दारिद्र्य कोठून येते आणि कोणाच्या घरी उतरते?

शास्त्रवाचन : मत्तय २०:१-१६; नहेम्या ५:१-१३; २ राजे ४:१-७; रूथ २

गेल्या पावसाळ्यात लोंढा भागातील एका शब्बाथशाळेत मोठ्या मुलांच्या वर्गाला आम्ही एक साधा प्रश्न घातला : माणसे गरीब का असतात? मुलांनी सांगितलेली उत्तरे फळ्यावर लिहीत गेलो. आळस, दारू, जुगार, शिक्षण नाही, पोरे फार, नशीब, देवाची इच्छा. ही उत्तरे मुलांनी घरी ऐकलेली होती, आणि खरे सांगायचे तर आमच्याच उपदेशांतूनही ऐकलेली होती. मागच्या बाकावरची एक मुलगी काही बोलेना. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, आमची आई पहाटे चारला उठते. ती आळशी नाही." तिला काय सांगावे ते आम्हांस सुचले नाही. उरलेला वेळ गीते म्हणण्यात गेला. तिच्या आईविषयीचे ते उत्तर राहून गेले आहे, म्हणून हा पाठ.

शिक्षकांनी आरंभ मत्तयाच्या विसाव्या अध्यायापासून करावा. द्राक्षमळ्याच्या धन्याचा हा दाखला आपण देवाच्या कृपेविषयी शिकवतो, आणि तो कृपेविषयीच आहे. परंतु त्यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावरून आपण घाईने पुढे जातो. दिवस मावळायला तासभर उरला असता धनी बाजारात जातो, तर तेथे माणसे उभीच असतात. दिवसभर रिकामे का, असे तो विचारतो. त्यांचे उत्तर आळसाचे नाही की आजाराचेही नाही. कोणी कामाला लावले नाही, एवढेच ते सांगतात. कामाची वाट पाहत दिवसभर उन्हात उभे राहणे हेही कष्टच आहेत, पण त्या कष्टांची मजुरी कोणी देत नाही. आणि धनी पुढे त्यांची चौकशी करीत बसत नाही. त्यांना मळ्यात धाडतो.

हा बाजार ज्यांना डोळ्यांनी पाहावयाचा असेल त्यांनी भाताची कापणी आटोपल्यावर लोंढा जंक्शनवर किंवा खानापूरच्या स्टँडवर सकाळी जाऊन उभे राहावे. गोव्याकडे बांधकामावर, हॉटेलांत, बागायतीत काम शोधायला निघालेली माणसे तेथे दिसतील. घरची म्हातारी माणसे व शाळेची पोरे मागे राहतात.

खानापूर तालुक्याची गरिबी समजण्यास थोडी कठीण आहे, कारण हा दुष्काळी मुलूख नव्हे. मलप्रभेचा उगम कणकुंबीस आहे. म्हादईही याच तालुक्यातील भीमगडच्या रानात उगम पावते. लोंढ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पाण्याची तूट ही गोष्टच पटणार नाही. माणदेशात किंवा विजापुराकडे पाऊस पडला नाही म्हणून लोक गाव सोडतात. येथे धो धो पाऊस पडूनही सोडतात. भाताचे एक पीक, जमिनीचे तुकडे, आणि पुष्कळ घरांत जमीन स्वतःच्या नावावर नाही. पाऊस देवाने दिला. जमिनीचे कागद माणसांनी केले.

या कागदांची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. जुन्या मुंबई राज्यात १९४८ चा कुळकायदा होता, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कुळांना कसत्या जमिनीचे मालक होण्याची वाट मिळाली. आपला जिल्हा मात्र त्याच्या पाच महिने आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हैसूर राज्यात गेला होता. (सीमाप्रश्नाचा हा भाग सभांमधून फारसा ऐकू येत नाही.) येथल्या कुळांना मोठा आधार मिळाला तो देवराज अर्स मुख्यमंत्री असताना, १ मार्च १९७४ पासून अमलात आलेल्या दुरुस्त कायद्याने. त्यासाठी 'नमुना सात' भरून जमीन न्यायमंडळाकडे अर्ज करावयाचा होता, आणि अर्जाची अखेरची तारीख ३० जून १९७९ होती. ज्यांनी अर्ज केला व कूळ असल्याचे शाबीत केले, त्यांच्या नातवांच्या हाती आज उतारा आहे. ज्यांनी धन्याच्या भिडेने अर्ज केला नाही, किंवा ज्यांना कन्नड कागद कोणी वाचून दाखवला नाही, त्यांची ती संधी हुकली. आणि जो कूळ नव्हताच, नुसता रोजगारी होता, त्याच्या वाट्याला त्यातून फारसे काही आले नाही. एखाद्या घरची आजची गरिबी पन्नास वर्षांपूर्वी न भरलेल्या एका कागदातून निघालेली असू शकते. फळ्यावरच्या यादीत हे कारण कोणी लिहिले नव्हते.

रानातल्या वाड्यांची स्थिती आणखी बिकट. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले. रान राखले पाहिजे याविषयी आमचे दुमत नाही. पण वाडीला रस्ता नाही, आजाऱ्याला पावसात खांद्यावरून बाहेर आणावे लागते, आणि पिकलेल्या भातात गवे व रानडुकरे उतरतात. ही किंमत रान राखण्यापायी कोण भरतो हेही पाहिले पाहिजे. रेल्वेचीही गोष्ट थोडीफार अशीच. मीटरगेजच्या दिवसांत गोव्याचे डबे लोंढ्याला जोडीत व तोडीत, गाड्या खोळंबून राहत, आणि त्या खोळंब्यावर चहावाले, हमाल व फळे विकणाऱ्या बायांचे पोट चाले. १९९० नंतरच्या दशकात रूळ रुंद झाले. प्रवाशांची सोय झाली हे खरेच. पण जे त्या खोळंब्यावर जगत होते त्यांना कोणी आगाऊ सांगितले नव्हते.

आता आळसाविषयी. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडे पाठविले आहे, हे शब्बाथशाळेच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्याच पुस्तकात १३:२३ हेही वचन आहे, आणि ते आम्ही कोणत्याही भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहिलेले नाही. गरिबाच्या शेतातही पुष्कळ पिकते, पण अन्यायामुळे ते वाहून जाते, असा त्याचा भाव आहे. शिक्षकांनी दोन्ही वचने एकाच तासाला वाचावीत. आळशी माणसे गरिबांत आहेत, तशी श्रीमंतांतही आहेत. फरक एवढाच की श्रीमंताच्या आळसाला विश्रांती म्हणतात. दारूने घरे बुडतात हेही खरे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. पण १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी हिशेब मांडला तेव्हा, दिवसाला २२५० कॅलरींचे अन्न मिळण्यापुरताही खर्च करू न शकणारे लोक १९६०-६१ साली खेड्यांत सुमारे ४० टक्के व शहरांत सुमारे ५० टक्के असल्याचे दिसून आले. खेड्यातील दहांत चार माणसे आळशी होती असे म्हणण्यास कोणी तयार होईल का?

काम आहे, कष्ट आहेत आणि तरीही दारिद्र्य आहे, हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने लोंढ्याहून बेळगावमार्गे निपाणीस जावे. निपाणी म्हणजे तंबाखू. शेतकरी ती पिकवी, वखारीतल्या बाया ती कुटून चाळीत, आणि गावोगावच्या बाया तिच्या विड्या वळीत. वखारीत तंबाखूची धूळ इतकी उडे की नवख्या माणसाला शिंका व खोकल्याने उभे राहता येत नसे. त्या बायांवर अनिल अवचट यांनी लिहिले आणि मग महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकांना निपाणीची दुसरी बाजू कळली. १९८० च्या सुमारास सुभाष जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या बायांची संघटना बांधली. पुढे १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकविणारे शेतकरी भावासाठी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मेले. वखारीतल्या बाया या आंदोलनात शेतकऱ्यांच्या बाजूने होत्या, ही त्यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. पिकविणारा गरीब, चाळणारी गरीब, वळणारीही गरीब. माल मात्र एकच आणि त्याचा खप देशभर. तिघांपैकी कोणाच्याही हाती भाव ठरविणे नव्हते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेल्या मजुरीविषयी जे लिहिले आहे ते वाचताना आम्हांस नेहमी निपाणी आठवते.

विडी वळणे हे काम कसे चालते ते सांगतो, कारण पुष्कळांनी ते पाहिलेले नसते. टेंभुर्णीची पाने आदल्या रात्री भिजवावयाची. सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापावयाची. सूप मांडीवर घेऊन पानात तंबाखू भरावयाची, वळावयाचे, दोरा बांधावयाचा, टोके मिटावयाची. सराईत बाईला हजार विड्यांना सारा दिवस लागतो, आणि मजुरी हजारावर मिळते, तासावर नाही. ठेकेदार ठरावीक वजनाचा पाला व तंबाखू देतो आणि ठरावीक विड्या मागतो. पाला किडका निघाला तर कमी पडणारा पाला तिने पदरच्या पैशांनी आणावयाचा. नेऊन दिलेल्या विड्यांतून काही 'छाट' म्हणून बाजूला काढतात. त्यांची मजुरी नाही. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, पाल्याच्या व छाटीच्या तंट्यांची दखलही त्यात घेतली होती. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला, त्यातून दवाखाना, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. पण त्यासाठी ती विडी कामगार आहे असे कोणीतरी लिहून द्यावे लागे, आणि घरी बसून वळणाऱ्या बाईला ती कोणाची कामगार हेच सिद्ध करता येत नसे.

येथे आमचीच एक चूक सांगणे भाग आहे. निपाणी भागात राहत असता आम्ही एका मंडळीच्या गरीब फंडाच्या कमिटीवर होतो. यादीत नवऱ्याने टाकलेल्या एका बाईचे नाव होते. हातपाय धड आहेत, वय फार नाही, दिवसभर घरी बसून असते, असे एकाने म्हटले. नाव कमी करावे असा ठराव आला आणि आमचाही हात वर झाला. पुढे नाताळच्या आधी अर्पणाची पाकिटे वाटण्यास तिच्या घरी गेलो. ती उठली नाही. "बसा सर, हात थांबवून जमत न्हाई. सांजच्याला माल द्यायचाय," म्हणाली. मांडीवर सूप होते. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी विड्यांची टोके मिटत होती. 'घरी बसून' याचा अर्थ आम्हांस तेव्हा समजला. तिचे पाकीट नाताळच्या अर्पणात इतरांच्या पाकिटांबरोबर आले. पुढच्या वर्षी नाव पुन्हा यादीत घालावे असे आम्ही सुचविले व ते घातलेही गेले. तोपर्यंत मुलीची शाळा सुटली होती.

कोणी विचारील, विडी ओढणे वाईट असे आपणच शिकवतो ना? शिकवतो, आणि ते बरोबर आहे. त्या धंद्याने ओढणाऱ्याचे व वळणाऱ्याचेही फुप्फुस जाते. पण धंदा वाईट म्हणून त्यावर पोट असलेल्या बाईची मजुरी बुडवावी असे शास्त्रात कोठे नाही. तिला दुसरे काम देता आले तर द्यावे. ते देता येईपर्यंत तिच्या हजाराचा हिशेब चोख व्हावा, एवढे तरी मागता येते.

दारिद्र्याला घरात ठाण मांडावयास लावते ते कर्ज. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक शेते व घरे गहाण ठेवून धान्य आणतात, आणि शेवटी मुलेमुली गुलामगिरीत देण्याची पाळी येते. सावकार परके नव्हते, भाऊबंदच होते. दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातील विधवा तर संदेष्ट्यांच्या मंडळातील एका देवभीरू माणसाची बायको होती, तरी सावकार तिची दोन मुले न्यायला आला. आपल्या भागात सावकार आता गटाच्या रूपाने येतो. कर्ज एका बाईला आणि जामीन शेजारच्या बाया. हप्ता आठवड्याचा. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्याच तिच्या दारात जाऊन बसतात, आणि काल मीठ उसने देणारी शेजारीण आज वसुलीला येते. या वसुलीचा छळ इतका वाढला की २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. बेळगाव जिल्ह्यातूनही तशा तक्रारी आल्या होत्या. आणि ही कर्जे बहुधा चैनीसाठी काढलेली नसतात. मार्काच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्री आठवावी : बारा वर्षे वैद्य केले, जवळचे सर्व गेले आणि गुण आला नाही. आपल्याकडे घरातील एक मोठे आजारपण सरळ चाललेल्या संसारालाही या रांगेत आणून उभे करते.

म्हणून दारिद्र्य कोणाला अधिक लागते याचे उत्तर आम्ही असे देतो : ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याला. रूथच्या पुस्तकात दोन विधवा आहेत. त्यांपैकी एक परदेशी, आणि ती दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. नियमशास्त्राने तो सरवा दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून राखून ठेवला होता. शेताचे कोपरे कापू नयेत ही आज्ञा शेतकऱ्याला होती. त्याने कृपाळू व्हावे की नाही हे त्याच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. आपल्याकडे तशी बाई म्हणजे टाकलेली बायको, विधवा, देवदासी. सौंदत्तीच्या यल्लमाला मुली सोडण्याची चाल आपण अज्ञान म्हणून सांगतो. अज्ञान आहेच, केसांत जट झाली की तो देवीचा कौल मानीत. पण त्यामागे पोटाचाही हिशेब होता. मुलगा नसलेल्या घरची मुलगी देवीला सोडली की ती बापाच्या घरी राहून मुलासारखी कमवी व म्हातारपणी आईबापांना पोसी. ही घरे बहुतेक दलितांची होती. मुंबई इलाख्यात १९३४ साली व कर्नाटकात १९८२ साली त्याविरुद्ध कायदे झाले. बंदी झाली तरी म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याचा प्रश्न तसाच राहिला, म्हणून चाल लवकर मोडली नाही.

टाकलेल्या बाईची अडचण आजही कागदाचीच असते. २०२३ साली कर्नाटकात गृहलक्ष्मी योजना निघाली : शिधापत्रिकेवर जी कुटुंबप्रमुख असेल त्या बाईला महिन्याला २००० रुपये. योजना चांगली. पण जिचे नाव अजून सासूच्या शिधापत्रिकेवर आहे आणि जी स्वतः माहेरी आईच्या खोपीत राहते, ती कोणत्याच कागदावर प्रमुख नसते. आपल्या मंडळ्यांतही एक कागदाची गोष्ट आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे त्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाहीत. शिखांचा समावेश १९५६ साली व बौद्धांचा १९९० साली झाला. घर तेच, वस्ती तीच, गावकऱ्यांची नजरही तीच. दाखला मात्र नाही. याविषयी बोलताना मंडळीतील सुस्थितीतील कुटुंबे गप्प बसतात, असा आमचा अनुभव आहे.

शिक्षकांसाठी थोडे. हा पाठ घेताना वर्गातील कोणाच्या घरची गरिबी उदाहरण म्हणून घेऊ नये. मुले ते वर्षानुवर्षे विसरत नाहीत. निपाणीकडील शिक्षकांनी एक हिशेब स्वतः करून न्यावा : पंचवीस विड्यांचे एक बंडल, म्हणजे हजार विड्यांची चाळीस बंडले. दुकानात बंडलाची किंमत विचारावी (कोणी मंडळीतले पाहिले तर खुशाल कारण सांगावे), तिला चाळीसने गुणावे, आणि वळणाऱ्या बाईला हजाराला काय मिळते ते तिलाच विचारून शेजारी लिहावे. दोन आकड्यांमधले अंतर कोणाकोणाकडे जाते याचा विचार मुलांना करू द्यावा. मोठ्यांच्या वर्गात गरीब फंडाच्या यादीवर चर्चा घेता येईल. यादीतील किती जणांच्या घरी कमिटीचे कोणी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी गेले आहे? नाव कमी करण्यापूर्वी त्या माणसाला बोलाविले होते का? मंडळीत कन्नड लिहिता-वाचता येणारे तरुण आहेत. महिन्यातून एक दुपार अर्ज भरून देण्यासाठी ते बसतील का?

लोंढ्याच्या त्या वर्गात हा पाठ आम्ही अजून घेतलेला नाही. त्याआधी त्या मुलीच्या आईला भेटावयाचे आहे. ती पहाटे चारला उठते, तेव्हा दिवेलागणीच्या आतच गेले पाहिजे.